सात नंबरची काठी

निरगुडटेक नावाच्या गावाच्या डोक्यावर एक पठार होतं आणि त्या पठारावर मोजून अठरा भोकं होती. भोकं उंदीर-घुशींनी पाडलेली नव्हती. चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांनी ती मुद्दाम पाडून घेतली होती, भोवती गवत राखलं होतं आणि प्रत्येक भोकात एकेक झेंडा रोवला होता. लिंबाएवढा पांढरा चेंडू काठीने मारत मारत त्या भोकात घालायचा. जो कमीत कमी फटक्यांत घालेल तो जिंकला. या खेळाला गोल्फ म्हणतात.

ऐकायला सोपं वाटतं ना? मग पुढचं ऐका. खेळणाऱ्याच्या पिशवीत चौदा काठ्या असतात आणि त्यांना नंबर असतात. नंबर लहान तर चेंडू लांब जातो, नंबर मोठा तर जवळ पडतो. म्हणजे झेंडा किती लांब आहे हे कळल्याशिवाय काठी निवडताच येत नाही. अंतर मोजायचं यार्डात. यार्ड म्हणजे, आपण आपलं धरू या, मोठ्या माणसाची एक लांब ढांग. आणि अंतर सांगायचं काम कॅडीचं. कॅडी म्हणजे पिशवी खांद्यावर घेऊन बरोबर चालणारा जाणता माणूस. खेळणारा विचारतो, "किती?" कॅडी आकडा सांगतो. मग खेळणारा काठी उपसतो.

या गावात जयवंतशेठ कोठावदे यांचं पाइप आणि नळाच्या सामानाचं दुकान होतं. दुकानाची ख्याती एकच, माप चोख. दहा फूट पाइप मागितला तर दहा फुटांना अर्धा इंच जास्तच मिळायचा, कमी कधी नाही. शेठना मोजायचा नादच होता. घरच्या जिन्याला पायऱ्या किती, देवळातल्या घंटेची साखळी किती कड्यांची, एका कपात चहाचे घोट किती, सगळं त्यांना पाठ. त्यांच्या बायकोने स्वयंपाकघरात पाऊल टाकायला मात्र त्यांना सक्त मनाई केली होती, कारण ते पोळ्यांचा व्यास मोजायचे.

दर रविवारी शेठ गोल्फ खेळायचे. मधला एखादा महिना सोडला तर अकरा वर्षं त्यांचा कॅडी एकच, केरबा ढेबे. केरबाच्या छातीवर पितळी बिल्ला होता, नंबर बारा. बिल्ला क्लबकडून मिळायचा. बिल्ला असला तर कॅडीने मैदानात पाय ठेवायचा, बिल्ला गेला की मैदान बंद. केरबा रोज सकाळी चिंचेच्या कोळाने तो बिल्ला घासायचा.

"किती, केरबा?"

"दीडशे, शेठ."

शेठ सहा नंबरची काठी घ्यायचे, कारण त्यांची सहा नंबर दीडशे जायची आणि सात नंबर एकशे चाळीस. असं ते सगळ्यांना सांगत असत. फटका मारला की चेंडू झेंड्याशेजारी जाऊन टेकायचा. शेठ म्हणायचे, "बघ, माप बरोबर असलं की सगळं बरोबर!" केरबा मान डोलवायचा.

शेठची साठी झाली तेव्हा त्यांच्या लेकीने, मृण्मयीने, बंगळूरहून दोन वस्तू पाठवल्या. एक हुशार घड्याळ आणि एक छोटी दुर्बीण. दुर्बीण ज्याच्यावर रोखावी त्याचं अंतर आकड्यात दाखवायची. घड्याळात गोल्फचं ॲप होतं. मैदानात कुठेही उभे राहा, झेंडा किती लांब ते मनगटावर उमटायचं. एवढंच नाही, कोणती काठी घ्यायची हेही ते सुचवायचं. त्यासाठी त्याने पहिल्याच दिवशी शेठना विचारून घेतलं होतं की तुमची कुठली काठी किती जाते. शेठनी चष्मा लावून एकेक आकडा भरला. सात नंबर, एकशे चाळीस.

मोजायचा नाद असलेल्या माणसाच्या हातात अशी वस्तू आल्यावर काय होणार? शेठनी चार दिवस सबंध गाव मोजून काढलं. दुकान ते मारुतीचं देऊळ, देऊळ ते पाण्याची टाकी, गॅलरी ते समोरच्या म्हशीचं शिंग. म्हैस हलली तर ते तिच्यावर चिडायचे.

रविवारी ते मैदानात आले. बरोबर खेळायला कर्नलसाहेब आणि डॉक्टर शांभवी बर्वे होत्या. सातव्या भोकाच्या अलीकडे एक तळं आहे. तळ्यापलीकडे लगेच गवत, गवतावर झेंडा. शेठनी सवयीने विचारलं, "किती, केरबा?"

"दीडशे, शेठ."

शेठनी घड्याळ बघितलं. एकशे अडतीस. दुर्बीण लावली. एकशे अडतीस. त्यांना मौज वाटली. पुढच्या भोकाशी केरबा म्हणाला एकशे तीस, घड्याळ म्हणालं एकशे अठरा. त्याच्या पुढे केरबा एकशे बासष्ट, घड्याळ दीडशे. शेठची मौज हळूहळू आटली. दर वेळी बारा. आणि दर वेळी जास्तच.

आता शेठ पडले दुकानदार. त्यांनी मनात हिशोब मांडला. माणूस चुकतो तेव्हा कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. एकाच बाजूला, तेही सारखंच चुकत असेल, तर ती चूक कसली? ती लबाडी. तराजूवाले दांडी मारतात तशी.

"केरबा, हे काय रे?" त्यांनी सगळ्यांसमोरच विचारलं. "अकरा वर्षं मला खोटं माप सांगतोस?"

केरबाने कर्नलसाहेबांकडे बघितलं, डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, मग आपल्या पायांकडे. "यंत्रापुढं म्या काय बोलणार, शेठ," एवढंच तो म्हणाला.

"म्हणजे कबूल आहे!"

केरबाने पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली. ज्या माणसाच्या दुकानात माप कधी सुतभरही कमी भरलं नाही, त्याला हे सहन होईना. शेठनी तिथल्या तिथे तक्रार लिहिली. क्लबच्या चिटणीस इंदुताई मोहिते यांनी ती दोनदा वाचली आणि केरबाकडून बिल्ला घेऊन टेबलाच्या खणात ठेवला.

"शेठ, नियम ठाऊक आहे ना?" त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी ढालीची मॅच आहे. मॅचच्या आधी व्हरांड्यात सगळ्यांसमोर तक्रार वाचली जाईल. तुम्ही ठाम राहिलात तर बिल्ला कायमचा गेला. अठ्ठावीस वर्षं काम केलेला माणूस आहे, विचार करा."

"माप म्हणजे माप," शेठ म्हणाले.

गुरुवारी शेठ एकटेच सरावाला आले. बरोबर घड्याळ, गळ्यात दुर्बीण. सातव्या भोकाशी उभे राहिले. एकशे अडतीस. घड्याळाने सुचवलं, सात नंबर. शेठनी सात नंबर घेतली, फटका मारला. फटका इतका सुरेख बसला की त्यांनी स्वतःच "वा!" म्हटलं. चेंडू उंच गेला, देखणा खाली आला आणि तळ्यात पडला. डुबुक.

वारा असेल, शेठ म्हणाले. दुसरा मारला. डुबुक. चेंडू जुना असेल. नवा काढला. डुबुक. मग शेठनी गवत ओलं आहे का ते पाहिलं, काठी वाकली आहे का ते पाहिलं, बुटाला चिखल लागला आहे का तेही पाहिलं. तळ्यातला एक बेडूक बाहेर येऊन त्यांच्याकडे बघत बसला.

आता राहिली शंका यंत्राची. शेठ दुकानातून शंभर फुटी फीता घेऊन आले. तळ्यावर फीता ताणता येईना, म्हणून शेजारच्या सपाट गवतावर एक खुंटी ठोकली. खुंटीपर्यंत फीता ओढला, मग तेच अंतर घड्याळाने आणि दुर्बिणीने घेतलं. तिघांचं अगदी तंतोतंत जुळलं. यंत्र निर्दोष सुटलं.

शेठ गवतावर फतकल मारून बसले. माप खरं. फटका चोख. तरी चेंडू दहा यार्ड अलीकडे पडतो. केरबाचं माप खोटं होतं, तरी चेंडू झेंड्यापाशी जायचा. खोट्या मापाने बरोबर आणि खऱ्या मापाने चूक, हे कसं काय बुवा? मधले दहा-बारा यार्ड गेले कुठे? दोन दिवस त्यांना दुसरं काही सुचेना. दुकानात एका गिऱ्हाइकाला त्यांनी अर्ध्या इंचीऐवजी पाऊण इंची नळ दिला, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

शनिवारी सकाळी शेठ केरबाच्या घरी गेले. केरबाची बायको हौसाबाई अंगणात शेण थापत होती. तिने शेठना बघितलं आणि हात न थांबवता म्हणाली, "या, या! दांडी मारणाऱ्याच्या दारात कसं येणं केलंत? आमच्या अंगणाचं माप घ्यायचं ऱ्हायलं व्हय?"

"हौसा, गप ऱ्हा," आतून केरबा म्हणाला.

"का म्हून गप ऱ्हाऊ? आठवडा व्हत आला, तुमी त्या बिल्ल्याच्या खिळ्याकडं बघत बसताय. चिचेचा कोळ वाटीत तसाच वाळतोय. बोलू नगं तर काय करू?"

शेठना खाली बघावं लागलं. पण त्यांच्या पोटात प्रश्न मावत नव्हता. ते ओट्यावर बसले आणि त्यांनी सगळी हकिकत सांगितली, फित्यापासून बेडकापर्यंत. "मी भांडायला आलेलो नाही, केरबा. मला फक्त एवढं कळू दे की हे होतंय काय."

केरबा बाहेर येऊन ओट्यापाशी उभा राहिला. मग तो म्हणाला, "शेठ, त्या दुर्बिनीत नुसता झेंडाच मोजता येतो, का मानूस बी मोजता येतो?"

"काहीही मोजता येतं. जिथे रोखशील तिथलं अंतर."

"मग चला. तुमी सात नंबर मारा. चेंडू जिथं पडंल तिथं म्या जाऊन उभा ऱ्हातो. तुमी मला मोजा."

पठाराच्या कडेला, मैदानाच्या कुंपणाबाहेर, एक मोकळं माळरान होतं. तिथे जायला बिल्ला लागत नव्हता. शेठनी वीस चेंडू मारले. प्रत्येक चेंडू टेकला की केरबा तिथे जाऊन मुंडासं हलवायचा आणि शेठ दुर्बीण लावायचे. एकशे सत्तावीस. एकशे एकोणतीस. एकशे अठ्ठावीस. एकशे चोवीस. एकदा एकशे एकतीस झाले तेव्हा शेठनी उडी मारली. विसाव्या चेंडूपर्यंत एकशे चाळीस एकदाही आले नाहीत.

"दुर्बीणच बिघडली..." शेठ म्हणायला लागले आणि मध्येच थांबले. परवाच तर त्यांनी तिला फित्याने तपासली होती.

"पण मी एकशे चाळीस मारलेत, केरबा! तू होतास बरोबर. तिसऱ्या भोकाला!"

"व्हतो की," केरबा म्हणाला. "पहिल्या वर्षीची गोष्ट. पाठीमागनं वारं व्हतं. जमीन उताराची व्हती. आन् चेंडू एका खडकावर आपटून फुडं उडाला. त्या खडकावर पांढरा वण बी हाय, चला दावतो."

शेठनी तो खडक कधी बघितलाच नव्हता. त्यांनी बघितला होता फक्त आकडा. त्या एका दिवशी जो आकडा पडला तो त्यांनी मनात कोरून ठेवला, दुसऱ्या काठ्यांचे आकडेही त्याच्याच जोरावर वाढवून घेतले आणि अकरा वर्षं तेच लोकांना सांगितले. नव्या घड्याळालाही तेच सांगितले. घड्याळ बिचारं भोळं. शेठ म्हणाले एकशे चाळीस, त्याने धरले एकशे चाळीस आणि त्यावर विसंबून त्यांना तीनदा तळ्यात घातलं.

"आणि तू?" शेठनी हळूच विचारलं.

"म्या एकदा सांगून बघितलं व्हतं. त्याच वर्षी. म्हनलं शेठ, सात नंबर तेवढी जात न्हाई. तुमी महिनाभर दुसरा कॅडी घेतला. आठवतंय?" केरबा हसला. "तुमी काय मागं सरकंना. मग म्याच बोलन्यात झेंडा बारा यार्ड फुडं सरकवला. काठी बरोबर निघायची, चेंडू बरोबर जायचा, तुमी खूश."

"तुम्ही कॅडी सगळ्यांना असंच सांगता?"

"ज्याला जेवढं लागंल तेवढं. कर्नलसायबांना ईस लागत्यात. डॉक्टरीनबाईंना काय बी न्हाई. हाय तेवढंच सांगायचं. त्यांना सवताचं ठावं हाय."

"मग त्या रविवारी सगळ्यांपुढे बोलला का नाहीस? बिल्ला गेला तरी?"

"चारचौघांत तुमचा कमीपना कसा सांगू, शेठ?" केरबाने मुंडासं पुन्हा डोक्याला गुंडाळलं. "पर चुकलं माजं बी. एकदा रागावलात म्हून म्या कायमचा गप बसलो. खोटं ते खोटंच. दुसऱ्यांदा सांगाया पायजे व्हतं."

शेठनी दुर्बीण गळ्यात अडकवली. पाठ वळवून ते उतार उतरून गेले. केरबाला वाटलं, शेठ पुन्हा रागावले. हौसाबाईला तर खात्रीच पटली.

रविवार उजाडला. क्लबच्या व्हरांड्यात पंचवीस-तीस सभासद जमले. खाली पायऱ्यांपाशी कॅडी उभे होते. केरबा बिल्ल्यावाचून एका बाजूला उभा होता आणि त्याचा हात पुन्हा पुन्हा छातीकडे जात होता. इंदुताईंनी तक्रार वाचली आणि विचारलं, "शेठ, ठाम आहात?"

"नाही. तक्रार मागे घेतो. जरा गैरसमज झाला होता."

एवढ्यावर सुटेल असं शेठना वाटलं होतं. पण इंदुताई कसल्या सोडतात! "कसला गैरसमज? माझ्या वहीत कारण लिहावं लागतं. आकडे खोटे होते की नव्हते?"

शेठचा चेहरा लाल झाला. कारण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? या लोकांसमोर अकरा वर्षं एकशे चाळीसच्या बढाया मारलेल्या. थाप मारणं सोपं होतं. घड्याळ बिघडलं होतं म्हटलं असतं तरी कुणी तपासायला येणार नव्हतं. पण मग केरबा खरा की खोटा हे कुणालाच कळलं नसतं आणि बिल्ला परत मिळूनही डाग राहिला असता. शेठनी केरबाच्या छातीकडे बघितलं. सदऱ्यावर बिल्ल्याच्या जागी दोन बारीक भोकं होती.

"लिहा," शेठ म्हणाले. "माझी सात नंबर एकशे अठ्ठावीस जाते. एकशे चाळीस ती कधीच जात नव्हती. मी दुकानात लोकांना चोख माप दिलं आणि स्वतःला मात्र रोज बारा यार्ड वाढवून दिले. केरबा ते बारा यार्ड गुपचूप भरून काढत होता. तक्रार करायचीच झाली तर माझ्यावर करा."

इंदुताईंनी ते शब्दशः वहीत लिहून घेतलं. मग कर्नलसाहेब मोठ्याने हसले, अगदी खदाखदा. हसता हसता अचानक थांबले आणि आपल्या कॅडीकडे वळून म्हणाले, "का रे, मला किती सांगतोस?" कॅडी एकदम वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. बघता बघता पायऱ्यांवरच्या निम्म्या कॅडींच्या नाड्या सुटल्या. डॉक्टर शांभवी तेवढ्या शांतपणे चहा पीत होत्या.

इंदुताईंनी खण उघडला. बिल्ला शेठनीच केरबाच्या सदऱ्याला लावला, त्याच दोन भोकांतून. केरबाचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "शेठ, घासल्याबिगर लावला. काळा पडलाय की."

मॅच सुरू झाली. सातव्या भोकाशी शेठ उभे राहिले. समोर तळं, पलीकडे झेंडा. झेंडा आदल्या रविवारी होता तिथेच होता. शेठनी विचारलं, "किती, केरबा?"

केरबाने झेंड्याकडे बघितलं, शेठकडे बघितलं आणि इतक्या वर्षांनी त्यांना खरा आकडा सांगितला. "एकशे अडतीस."

शेठनी मनगट बघितलं. एकशे अडतीस. काल घरी जाऊन त्यांनी घड्याळातले सगळे जुने आकडे पुसले होते आणि प्रत्येकातून बारा वजा करून नवे भरले होते. पुसताना एकशे चाळीसवर बोट बराच वेळ थांबलं होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आता घड्याळ म्हणत होतं, सहा नंबर. केरबाने पिशवीतून काठी आधीच अर्धी वर काढून धरली होती. तीही सहा नंबरचीच.

चेंडू उंच गेला, तळं ओलांडून पलीकडे पडला आणि झेंड्यापासून चार पावलांवर थांबला. ती चार पावलं शेठनी अर्थातच मोजली.

ढाल कुणी जिंकली म्हणता? डॉक्टर शांभवींनी. दर वर्षी त्याच जिंकायच्या आणि का जिंकतात याचं सगळ्यांना नवल वाटायचं. त्या वर्षी मात्र कुणालाच नवल वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माळरानावर कर्नलसाहेब एकटेच चेंडू मारत होते आणि त्यांचा कॅडी लांब उभा राहून रुमाल हलवत होता.

तात्पर्य: समोरचं अंतर यंत्र अचूक सांगेल, पण आपला पल्ला किती हे आपणच त्याला खरं सांगावं लागतं, जो एका भाग्याच्या दिवसावरून स्वतःला मोजतो त्याला खरं मापही बुडवतं, आणि जो आपलं उणं चारचौघांत कबूल करतो तोच तळं ओलांडतो.